१.४४ च्या फ्लॉपीत १.७२ : क्षमतेपेक्षा जास्त फॉरमॅट केलेल्या फ्लॉप्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाटात १९९० च्या दशकातल्या फ्लॉप्या पडून असतील आणि त्यांतल्या काही ड्राइव्हमध्ये घातल्यावर संगणक 'ही फ्लॉपी फॉरमॅट करायची का?' असं विचारत असेल, तर आधी 'नाही' म्हणा आणि मग पुढे वाचा. फ्लॉपी खराब असेलच असं नाही. ती ठरलेल्या मापापेक्षा जास्त भरलेली असू शकते. अशा फ्लॉपीला पुढे सोयीसाठी 'ताणलेली' म्हटलं आहे. वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळं ३.५ इंची एचडी (हाय डेन्सिटी) फ्लॉपीबद्दल आहे.

१.४४ हा आकडा येतो कुठून?

८० ट्रॅक (चकतीवरची वर्तुळं), दोन बाजू, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर (वर्तुळाचे तुकडे) आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट. याला १०२४ ने भागलं की १४४० किलोबाइट होतात, आणि मग कुणीतरी त्याच १४४० ला १००० ने भागून '१.४४ मेगाबाइट' म्हटलं. हा आकडा धड दशमान पद्धतीचा नाही आणि धड द्विमानही नाही. तरी तो असा रुळला की आज बदलायला गेलात तर लोक तुमच्याकडेच संशयाने बघतील.

काही फ्लॉप्यांवर '२.० एमबी' छापलेलं असतं. ती फसवणूक होती का?

नाही. फॉरमॅट करण्यापूर्वीची ती कच्ची क्षमता आहे. ड्राइव्ह मिनिटाला ३०० फेरे घेतो, म्हणजे एका फेऱ्याला २०० मिलिसेकंद लागतात. कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारी चिप, सेकंदाला ५ लाख बिट लिहितो. म्हणजे एका फेऱ्यात १ लाख बिट, अर्थात १२,५०० बाइट. दोन्ही बाजूंच्या १६० ट्रॅकांचे मिळून २० लाख. छापलेला आकडा खरा आहे, फक्त त्यातला सगळा भाग तुमच्या फायलींसाठी नसतो.

मग उरलेले सव्वापाच लाख बाइट जातात कुठे?

ताणण्याची सगळी गंमत याच प्रश्नात आहे, म्हणून इथे जरा थांबू.

प्रत्येक सेक्टरच्या पुढे एक पत्ता लिहिलेला असतो: ट्रॅक कोणता, बाजू कोणती, सेक्टरचा क्रमांक काय, आकार किती. त्याआधी १२ सिंक बाइट असतात, त्यावरून कंट्रोलर आपली चाल जुळवून घेतो. मग खुणेचे ४ बाइट, पत्त्याचे ४, पडताळणीचे २. नंतर २२ बाइटांची मोकळी जागा, पुन्हा १२ सिंक, पुन्हा ४ खुणेचे, मग तुमचे ५१२ बाइट आणि शेवटी पडताळणीचे २. म्हणजे ५१२ बाइट ठेवायला ५७४ बाइट लागतात. ट्रॅकच्या सुरुवातीला आणखी १४६ बाइटांची प्रस्तावना असते ती वेगळीच.

आणि दोन सेक्टरांच्या मध्ये रिकामी फट. १.४४ च्या प्रमाण फॉरमॅटमध्ये ही फट १०८ बाइटांची असते. आता बेरीज करा: १८ गुणिले ६८२, अधिक १४६, बरोबर १२,४२२. फेरा १२,५०० चा. ७८ बाइट शिल्लक, शिवाय शेवटच्या सेक्टरनंतरची १०८ ची फट वाया गेली तरी बिघडत नाही. एकूण १८६ बाइटांची सूट. १२,५०० च्या मानाने जवळजवळ दीड टक्का.

ड्राइव्हच्या मोटरचा वेग किती मागेपुढे चालेल याची सर्वसाधारण मर्यादा किती लिहिलेली असते? अधिक-उणे दीड टक्का. हिशोब जुळतो तो उगाच नव्हे. ज्यांनी हा फॉरमॅट आखला त्यांनी जागा वाया घालवली नव्हती. एका ड्राइव्हवर लिहिलेली फ्लॉपी दुसऱ्या कुठल्याही ड्राइव्हवर पुन्हा लिहिता यावी, यासाठी ती राखून ठेवली होती.

१८ च्या जागी २१ सेक्टर बसवले तर नेमकं काय गमावतो?

हीच राखीव जागा. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर 'जरा सरका' म्हणत चौथी सीट तयार होते, तसं. बाक लांब होत नाही, माणसं आक्रसून बसतात.

लोकांचा सर्वसाधारण समज असा की ताणल्यामुळे चुंबकीय थरावर जास्त दाटीने लिहिलं जातं आणि म्हणून डेटा लवकर पुसला जातो. तसं नाही. लिहिण्याचा वेग तोच, फेऱ्यांचा वेग तोच, म्हणून बिटांची दाटीही तीच. बदलते ती फक्त फट. २१ सेक्टरांना २१ गुणिले ५७४, म्हणजे १२,०५४ बाइट लागतात. प्रस्तावना धरून १२,२००. उरले ३००, ते २१ जणांत वाटले की प्रत्येकाला चौदा. प्रत्यक्षात २१ सेक्टरांच्या, म्हणजे १.६८ च्या फॉरमॅटमध्ये १२ बाइटांची फट ठेवतात. म्हणजे १०८ वरून १२.

याचे दोन परिणाम होतात, आणि ते वेगवेगळे ओळखले पाहिजेत.

पहिला परिणाम फॉरमॅट करतानाच दिसतो. २१ सेक्टरांना शेवटची फट सोडून १२,४४० बाइट लागतात, सूट उरते ६० बाइटांची, अर्धा टक्काही नाही. तुमचा ड्राइव्ह एक टक्का जलद फिरत असेल तर एका फेऱ्यात १२,३७५ च बाइट मावतात आणि एकविसाव्या सेक्टरची शेपटी कापली जाते. असा ड्राइव्ह १.६८ ची फ्लॉपी तयारच करू शकत नाही, आणि दोष मात्र बिचाऱ्या फ्लॉपीच्या माथी येतो. लिनक्सवरच्या एफडीयूटिल्स या संचातला सुपरफॉरमॅट प्रोग्राम म्हणूनच आधी ड्राइव्हचा वेग मोजतो आणि मग फटी ठरवतो. माझ्या मते या सगळ्या जमान्यातलं सर्वांत समजूतदार साधन तेच.

दुसरा परिणाम महिन्यांनी दिसतो आणि तो जास्त वाईट. एखादी फाइल बदलून साठवली की कंट्रोलर पत्ता पुन्हा लिहीत नाही, फक्त डेटाचा भाग लिहितो: सिंक, खूण, ५१२ बाइट, पडताळणी, मिळून ५३० बाइट. फ्लॉपी दीड टक्का मंद ड्राइव्हवर फॉरमॅट झाली असेल आणि तुम्ही दीड टक्का जलद ड्राइव्हवर लिहीत असाल, तर तेच ५३० बाइट ट्रॅकवर तीन टक्के जास्त लांबी व्यापतात. म्हणजे १६ बाइट पुढे सरकतात. १०८ ची फट असताना १६ बाइट गेले काय, राहिले काय. फट १२ ची असेल तर चार बाइट पुढच्या सेक्टरच्या सिंकवर चढतात. तुम्ही फाइल क्रमांक एक साठवली आणि मोडली ती फाइल क्रमांक दोन, जिला तुम्ही हातही लावला नव्हता. म्हणून अशा फ्लॉप्यांबद्दल 'आपोआप बिघडली' अशी तक्रार यायची.

बहुतेक ड्राइव्ह दीड टक्क्याच्या टोकाला नसतात, ठरलेल्या वेगाच्या बरेच जवळ असतात. म्हणून लाखो लोकांचं काम ताणलेल्या फ्लॉप्यांवर निभावलंही. पण ते ड्राइव्हच्या चांगुलपणावर निभावलं.

म्हणजे वाचायला हरकत नाही, लिहायला आहे?

बरोबर पकडलंत. वाचताना कंट्रोलर वेगातला थोडा फरक सहज सांभाळून घेतो, आणि वाचण्याने काही पुसलं जात नाही. एकाच यंत्रावर एकदाच लिहिलेली आणि नंतर फक्त वाचली जाणारी ताणलेली फ्लॉपी साध्या फ्लॉपीइतकी भरवशाची असू शकते.

याचा सर्वांत मोठा दाखला मायक्रोसॉफ्टचा डीएमएफ फॉरमॅट. २१ सेक्टर, ८० ट्रॅक, १७,२०,३२० बाइट. १९९५ मध्ये विंडोज ९५ फ्लॉप्यांवर आलं तेव्हा १३ फ्लॉप्यांचा गठ्ठा होता. पहिली साधी १.४४ ची, बाकीच्या १२ डीएमएफ. १२ गुणिले १६८० म्हणजे २०,१६० किलोबाइट, ते साध्या फ्लॉप्यांवर घालायला बरोबर १४ लागल्या असत्या. प्रत्येक खोक्यामागे दोन फ्लॉप्या वाचल्या. खोकी किती खपली ते आठवलं की हा किती मोठा खर्च होता ते कळतं. शिवाय डॉसच्या साध्या डिस्ककॉपी आदेशाने या फ्लॉप्यांची नक्कल निघत नसे. आपल्याकडे फ्लॉपीची नक्कल काढणं हा जवळजवळ सामाजिक शिष्टाचार होता, त्यामुळे ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात अनेकांच्या लक्षात आली.

डीएमएफवर मूळ डिरेक्टरीत फक्त १६ नोंदी मावतात. रोजच्या वापराला हे हास्यास्पद आहे, पण एकच मोठी कॅब फाइल (अनेक फायली आवळून केलेला गठ्ठा) ठेवायची तर पुरतं. वरचेवर लिहिण्यासाठी तो फॉरमॅट नव्हताच.

८० च्या पुढचे ट्रॅक वापरणं कितपत सुरक्षित?

३.५ इंची ड्राइव्हला ८० ट्रॅकांपर्यंतचीच हमी असते. वाचणारा-लिहिणारा हेड थांबण्याची भौतिक मर्यादा मात्र जरा आत असते, म्हणून बहुतेक ड्राइव्ह ८२ ट्रॅकांपर्यंत जातात, काही ८३ पर्यंत. ८२ ट्रॅक गुणिले २१ सेक्टर केले की १७,६३,३२८ बाइट, म्हणजे शीर्षकातले ते १.७२.

फायदा केवढा? दोन ट्रॅकांचे ४२ किलोबाइट. तोटा असा की एखादा ड्राइव्ह त्या ट्रॅकांपर्यंत पोहोचलाच नाही तर तिथली फाइल त्या यंत्रावर अस्तित्वातच नसते. सेक्टर वाढवण्याच्या जोखमीला निदान गणित आहे, ट्रॅक वाढवण्याला फक्त नशीब. मी तरी या ४२ किलोबाइटांसाठी नशीब आजमावणार नाही.

आयबीएमचा एक्सडीएफ १.८४ पर्यंत कसा गेला?

वेगळ्या युक्तीने. प्रत्येक सेक्टरमागे ६२ बाइटांचा वरखर्च आहे, मग सेक्टरच कमी करा. एक्सडीएफच्या ट्रॅकवर चारच सेक्टर असतात: ८ किलोबाइटचा एक, २ चा एक, १ चा एक आणि ५१२ बाइटांचा एक. बेरीज ११,७७६ बाइट, म्हणजे ५१२ च्या २३ सेक्टरांइतकी. पहिल्या सिलिंडरची (दोन्ही बाजूंच्या समोरासमोरच्या ट्रॅकांची) रचना वेगळी असते. आयबीएमच्या ओएस/२ वॉर्प ३ या कार्यप्रणालीच्या फ्लॉप्या अशा येत, आणि पीसी डॉस ७ मध्ये एक्सडीएफ आणि एक्सडीएफकॉपी असे दोन आदेशच होते.

गंमत बघा. डेटा ११,७७६, चार सेक्टरांचा वरखर्च २४८, प्रस्तावना १४६. एकूण १२,१७०. उरले ३३०. म्हणजे १.८४ च्या फ्लॉपीत १.६८ च्या फ्लॉपीपेक्षा जास्त मोकळी जागा आहे! आकडा मोठा म्हणजे धोका मोठा, हे इथे लागू पडत नाही.

पण पुन्हा लिहायला गेलात की हिशोब उलटतो. ८ किलोबाइटच्या सेक्टरमधला एक बाइट बदलायचा तर पूर्ण ८ किलोबाइट पुन्हा लिहावे लागतात, आणि त्याच्या तीन टक्के म्हणजे सुमारे अडीचशे बाइट सरकतात. चार फटींत वाटलेल्या ३३० बाइटांनी ते पेलणं कठीण. एक्सडीएफसुद्धा वाटपासाठीच बरा.

लिनक्सच्या फ्लॉपी ड्रायव्हरमध्ये १९२० किलोबाइटपर्यंतचे प्रकार नोंदलेले आहेत. ट्रॅकमागे १२,२८८ बाइट, म्हणजे प्रस्तावनाही आखडती घ्यावी लागते. तो प्रकार करून बघायचा, मित्राला दाखवायचा आणि त्यावर काहीही महत्त्वाचं ठेवायचं नाही.

माझी फ्लॉपी कोणत्या प्रोग्रामने ताणली आहे हे कसं ओळखायचं?

नव्वदच्या दशकात डॉसवर दोन नावं सगळ्यांत जास्त चालत. जर्मनीच्या ख्रिस्तोफ होखश्टेटर यांचा एफडीफॉरमॅट आणि स्पेनच्या सिरियाको गार्सिया दे सेलिस यांचा टूएम. एफडीफॉरमॅटची फ्लॉपी सगळीकडे ५१२ बाइटांच्या सेक्टरांची असते, त्यामुळे ती आज वाचायला सोपी जाते. त्याच्यासोबत एफडीरीड नावाचा मेमरीत बसून राहणारा छोटा प्रोग्राम येई, कारण काही यंत्रांच्या बायॉसला (यंत्र सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्रामला) इतके सेक्टर असतात हेच मान्य नसे. टूएममध्ये सेक्टरांचे आकार वेगळे असतात, म्हणून टूएम आधी मेमरीत चढवल्याशिवाय साध्या डॉसला त्यातलं काही नीट वाचता येत नाही.

लिनक्सवाल्यांच्या जुन्या गठ्ठ्यात एखादी 'टॉम्सआरटीबीटी' लिहिलेली फ्लॉपी सापडली तर ती १७२२ किलोबाइटची असणार. अख्खं बचाव-लिनक्स एका फ्लॉपीत बसवण्याचा तो खटाटोप होता.

जुन्या डॉस यंत्रावर येणारा त्रुटीसंदेश काळजीपूर्वक वाचा, त्यात निदान असतं. 'जनरल फेल्युअर' आलं तर बहुधा फॉरमॅटच ओळखला गेलेला नाही, फ्लॉपी ठणठणीत असू शकते. 'सेक्टर नॉट फाउंड' म्हणजे पत्ता सापडत नाही, शेजारच्या सेक्टरने तुडवला असण्याची शक्यता. 'डेटा एरर' म्हणजे पत्ता सापडला पण आतल्या डेटाची पडताळणी जुळत नाही: बुरशी, ओरखडा किंवा वय.

यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये ती का दिसत नाही?

कारण यूएसबी ड्राइव्हच्या आतच एक छोटा मेंदू असतो आणि त्याला ७२० किलोबाइट (जुनी डीडी, म्हणजे डबल डेन्सिटी फ्लॉपी), १.४४ आणि काहींमध्ये जपानी पद्धतीचा १.२ एवढेच प्रकार शिकवलेले असतात. ट्रॅकवर २१ सेक्टर आहेत हे संगणकाला कळलं तरी ते ड्राइव्हला सांगण्याची सोय बहुतेक यूएसबी ड्राइव्हमध्ये नसते. तुम्ही कितीही प्रोग्राम बदला, उपयोग नाही. ३४ पिनांच्या पट्टीकेबलने जोडायचा खरा ड्राइव्हच हवा.

७२० च्या फ्लॉपीला भोक पाडून १.४४ करायचो. त्या अजून चालतील का?

सोल्डरिंग आयर्नने पाडलेलं भोक असेल तर आधी आत प्लॅस्टिकचा कण अडकलेला नाही ना ते बघा.

ड्राइव्ह एचडी फ्लॉपी ओळखतो ती कोपऱ्यातल्या भोकावरून, म्हणून ही युक्ती चालायची. पण हा प्रकार वरच्या ताणण्यापेक्षा मुळात वेगळा आणि जास्त धोक्याचा आहे. इथे खरोखरच चुंबकीय थरावर त्याच्या कुवतीपेक्षा दुप्पट दाटी होते. ३.५ इंची डीडी थराची चुंबकीय रोधकता (चुंबकीय खूण बदलायला होणारा विरोध) साधारण ६५० ओर्स्टेड, एचडीची ७२० च्या आसपास. अंतर थोडं म्हणून फॉरमॅट यशस्वी होतो, फाइल लिहिली जाते, लगेच वाचलीही जाते. पण डीडीचा थर जाड असतो, दाट लिहिलेले बिट त्यात स्पष्ट उमटत नाहीत, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी वाचनाच्या चुका सुरू होतात. अशा फ्लॉप्या गठ्ठ्यात असतील तर सगळ्यांत आधी त्यांचीच नक्कल घ्या.

उलट प्रकारही सापडतो. काही जुन्या ड्राइव्हना ते भोक तपासायची सोयच नव्हती, त्यांत एचडी फ्लॉपी ७२० ची म्हणून फॉरमॅट झालेली असते. आजचा ड्राइव्ह भोक पाहून एचडी समजतो आणि काहीच वाचू शकत नाही. भोकावर चिकटपट्टी लावा आणि पुन्हा घाला. इतका स्वस्त उपाय या संपूर्ण विषयात दुसरा नाही.

आणि ५.२५ इंची?

तिथे भोकाचा खेळ नाही. ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीचा थर साधारण ३०० ओर्स्टेडचा, १.२ मेगाबाइटच्या फ्लॉपीचा ६०० चा. अंतर इतकं की ३६० च्या फ्लॉपीवर १.२ चा फॉरमॅट जवळजवळ टिकतच नाही.

याहून जास्त घोळ झाला तो १.२ च्या ड्राइव्हमध्ये ३६० च्या फ्लॉपीवर लिहिण्याने. १.२ चा हेड अरुंद असतो. तो जुन्या रुंद ट्रॅकच्या मधोमध बारीक रेघ ओढतो आणि दोन्ही कडांना जुना डेटा तसाच राहतो. मग ३६० चा रुंद हेड दोन्ही एकदम वाचतो आणि गोंधळतो. अशी फ्लॉपी १.२ च्या ड्राइव्हमध्ये वाचा, सहसा निघते.

अमिगा संगणकाने त्याच ७२० च्या फ्लॉपीत ८८० कसे बसवले? तेही ताणणंच ना?

नाही, आणि हे उदाहरण मला फार आवडतं. अमिगा एकेक सेक्टर लिहितच नाही. एक बाइट बदलला तरी पूर्ण ट्रॅक मेमरीत घेते आणि पूर्ण ट्रॅक नव्याने लिहिते. सेक्टर एकमेकांना तुडवण्याचा प्रश्नच नाही, म्हणून मधल्या फटी नकोत, आणि ९ च्या जागी ११ सेक्टर आरामात बसतात. पीसीने सुटे सेक्टर लिहिण्याची मुभा दिली आणि त्याची किंमत फटींच्या रूपाने मोजली.

मॅकिंटॉशचे ८०० किलोबाइट आणखी वेगळ्या वाटेने आले. तिथे मोटरचाच वेग बदलत असे. बाहेरच्या लांब ट्रॅकवर १२ सेक्टर, आतल्या आखूड ट्रॅकवर ८. पीसीचा कंट्रोलर या दोन्ही प्रकारच्या फ्लॉप्या वाचू शकत नाही.

डबलस्पेस किंवा स्टॅकर म्हणजे हेच का?

नाही. ते फायली आवळून ठेवतात, फ्लॉपीचा फॉरमॅट साधाच राहतो. तुमच्या फ्लॉपीवर एकच मोठी अगम्य फाइल आणि 'हे वाचण्यासाठी अमुक चालवा' अशी चिठ्ठी दिसत असेल तर ती या प्रकारातली.

साध्या फ्लॉपीत ३२ मेगाबाइट मावतात असं ऐकलं. थाप आहे?

खरं आहे. एलएस-२४० या सुपरडिस्क ड्राइव्हमध्ये एफडी३२एमबी नावाची सोय होती. नेहमीची १.४४ ची फ्लॉपी घ्यायची आणि अतिशय बारीक, एकमेकांवर किंचित चढणारे ट्रॅक लिहून ३२ मेगाबाइट भरायचे. अट एकच: एक फाइल बदलायची तरी संपूर्ण फ्लॉपी पुन्हा लिहायची. आणि ती वाचणार फक्त तसलाच ड्राइव्ह. असं काही तुमच्याकडे निघालं तर आधी ड्राइव्ह शोधा.

आज हौस म्हणून फ्लॉपी ताणायची असेल तर किती सेक्टर ठेवावेत?

वीस. २० सेक्टरांना ११,४८० बाइट, प्रस्तावनेसह ११,६२६. फट ३५ बाइटांची ठेवली तरी एकूण १२,३२६ होतात, म्हणजे १७४ उरतात आणि शेवटची फट धरली तर २०९. वेगाच्या फरकाला सूट १.४४ इतकीच, किंबहुना किंचित जास्त. पुन्हा लिहिताना सरकणाऱ्या १६ बाइटांना ३५ ची फट पुरते. ८० ट्रॅकांवर १६,३८,४०० बाइट मिळतात. एकविसावा सेक्टर तुम्हाला आणखी ८० किलोबाइट देतो आणि ही सगळी सूट घेऊन जातो.

फ्लॉपी मात्र चांगली घ्या. शेवटच्या काळात, सोनीने २०११ मध्ये जपानमधली विक्री थांबवली त्याच्या आधीची काही वर्षं, बाजारातला बराच माल हलका होता. १९९० च्या आसपासची जपानी बनावटीची जुनी फ्लॉपी मला २००५ च्या कोऱ्या फ्लॉपीपेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

ताणलेली फ्लॉपी परत १.४४ ची करता येते का?

हो, काहीही बिघडलेलं नसतं. फक्त झटपट फॉरमॅट करू नका, त्याने सेक्टरांची रचना तशीच राहते आणि फक्त यादी पुसली जाते. पूर्ण फॉरमॅट करा. डॉसमध्ये त्यासाठी 'यू' हा स्विच असे.

जुन्या ताणलेल्या फ्लॉपीतून डेटा काढायचा आहे. सुरुवात कशी करू?

सर्वप्रथम लिहिण्यापासून संरक्षणाची खिटी सरकवून भोक उघडं करा. ही औपचारिकता नाही. विंडोज ९५ आणि त्याच्या भावंडांना नुसती फ्लॉपी घातली तरी बूट सेक्टरमध्ये आपली खूण लिहून ठेवायची सवय होती. ताणलेल्या फ्लॉपीवर परक्या ड्राइव्हने एक सेक्टरही लिहू नये, हे वर पाहिलंच.

मग पत्र्याचं झाकण सरकवा आणि मधली चकती हळू फिरवत थर बघा. मुंबईत आणि कोकणात पावसाळे काढलेल्या फ्लॉप्यांवर पांढुरके ठिपके किंवा जाळं दिसणं अगदी नेहमीचं. ती बुरशी. अशी फ्लॉपी तशीच घातलीत तर बुरशी हेडला लागते, हेड थर खरवडतो आणि पुढे घातलेली चांगली फ्लॉपीही जाते. धूळ न सोडणाऱ्या कापडाच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून थर अलगद पुसा, पूर्ण वाळू द्या. प्रत्येक संशयास्पद फ्लॉपीनंतर हेडही पुसा. आणि एखादी फ्लॉपी फिरताना खर्रकन आवाज आला तर त्याच क्षणी काढा, 'बघू तरी काय होतंय' म्हणत बसू नका.

वाचण्यासाठी दोन मार्ग आहेत. मदरबोर्डवर खरा फ्लॉपी कंट्रोलर असलेलं जुनं यंत्र आणि त्यावर लिनक्स, हा पहिला. तिथे १६८०, १७२२ अशा प्रत्येक मापासाठी वेगळं उपकरण-नाव ठरलेलं असतं, ते दिलं की सरळ प्रतिमा (संपूर्ण फ्लॉपीची हुबेहूब नक्कल असलेली एक फाइल) घेता येते.

दुसरा आणि आज जास्त शहाणपणाचा मार्ग म्हणजे ग्रीझवीझल किंवा क्रायोफ्लक्ससारखी सर्किटची पाटी. ती जुन्या ३४ पिनांच्या ड्राइव्हला यूएसबीवर आणते आणि सेक्टर न वाचता थेट चुंबकीय बदलांच्या वेळा टिपते. फ्लॉपी किती सेक्टरांची आहे, आकार कोणते, हे नंतर निवांत ठरवता येतं. एक्सडीएफ, टूएम, अमिगा, मॅक, सगळं एकाच साधनात. फ्लॉपी एकदाच फिरते, उलगडण्याचे प्रयत्न मात्र कितीही वेळा करता येतात. मरणासन्न फ्लॉपीच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे.

प्रतिमा आली की फाइलचा आकार बघा. १७,२०,३२० म्हणजे १.६८, १७,६३,३२८ म्हणजे १.७२, १८,८४,१६० म्हणजे २३ सेक्टरांचं माप. क्यूईएमयू या आभासी यंत्राला ही मापं फाइलच्या आकारावरून ओळखता येतात, त्यामुळे जुनं डॉस त्यात चालवून फायली बाहेर काढणं सोपं जातं.

फाइल निघाली, पण मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. फ्लॉपी खराब वाचली गेली का?

बहुधा नाही. चुकीचं वाचन झालं तर पडताळणीची चूक येते आणि फाइल निघतच नाही. नव्वदच्या दशकातला मराठी डीटीपी मजकूर श्री-लिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या फॉन्टांत लिहिलेला असे आणि तो युनिकोड नव्हता. योग्य फॉन्ट बसवला की अक्षरं दिसतात. मजकूर कायमचा वापरायचा असेल तर त्या फॉन्टासाठी असलेल्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा. मूळ फाइल पेजमेकरची असेल तर आधी त्यातून मजकूर वेगळा काढून घ्या.

आणि फाइलचं नाव एआरजे, ए०१, ए०२ अशा शेपटीचं असेल तर ते एकाच मोठ्या फायलीचे अनेक फ्लॉप्यांवर पसरलेले तुकडे आहेत. गठ्ठ्यातल्या सगळ्या फ्लॉप्यांच्या प्रतिमा हातात आल्याशिवाय ती उघडायला घेऊ नका.